वन्संच्या मॉडेलमधले अप्पा

माझ्या नणंदबाई दर सोमवारी सकाळी आमच्या घरातली एक वस्तू लपवतात.

यात चोरी नाही, विसरभोळेपणा नाही आणि थट्टा तर मुळीच नाही. शनिवारी संध्याकाळी ती वस्तू जिथल्या तिथे परत येते. मधले दिवस घर तिच्यावाचून कसं चालतं, हे शुभावन्सं एका निळ्या वहीत टिपून ठेवतात. आजवर चहाचं गाळणं, सोलाणं, बाथरूममधला मग, टीव्हीचा रिमोट, पोळपाट आणि एकदा जेवणाच्या टेबलाची एक अख्खी खुर्ची गेलेली आहे. हे मी आठवणीतून सांगत नाही. फ्रिजवर माझा कागद लावलेला आहे. वस्तू, कधी गेली, कधी आली आणि शेरा, असे चार रकाने. पोळपाटापुढे शेऱ्याच्या रकान्यात मी 'असह्य' असं लिहिलं आहे. मध्यंतरी आठ महिने या यादीत खंड पडला. त्याचं कारण पुढे येईलच.

मी बँकेत अधिकारी आहे. लग्न होऊन नाशिकहून कोलकात्याला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्या दिवशी बजावलं, "हिला ताई-बिई म्हणायचं नाही. वन्सं म्हणायचं." महाराष्ट्रात ही हाक आता जुनी झाली, पण घरापासून इतक्या लांब राहणारी माणसं अशा गोष्टी घट्ट धरून बसतात. त्यामुळे शास्त्रज्ञ म्हणून परदेशात व्याख्यानं देऊन आलेल्या बाईला बेहाला भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये मी आजही "वन्सं, पोळी घ्या" म्हणते.

वन्सं एका संशोधन संस्थेत काम करतात. पक्षाघाताचा झटका आल्यावर मेंदू स्वतःला कसा सावरतो, याचं मॉडेल त्या संगणकावर बनवतात. मला त्यांनी ते असं समजावलं: आधी मेंदूसारखं एक जाळं संगणकात तयार करायचं. त्याला काहीतरी शिकवायचं, समजा वस्तूंची नावं. ते शिकलं, की त्यातला एक तुकडा पुसून टाकायचा. मग उरलेलं जाळं काय करतं, कुठल्या आडवाटेने तेच काम करायला शिकतं, हे बघत बसायचं. पुसण्याला त्यांचा शब्द आहे 'उडवणं', आणि निकालाबद्दल काहीही विचारलं की उत्तर ठरलेलं: "रन चालू आहे." म्हणजे संगणकाची फेरी अजून संपलेली नाही.

या शब्दांमुळे भलते प्रसंग घडतात. एकदा आम्ही शेअर ऑटोत बसलो होतो आणि वन्सं फोनवर सहकाऱ्याला ठणठणीत बंगालीत सांगत होत्या, "काल दुपारी सगळ्यांना उडवलं. निम्मे परत बोलायला लागलेत, निम्मे अजून गप्प आहेत." ऑटोवाल्याने आरसा नीट केला. शेजारच्या बाई पुढच्याच चौकात उतरल्या. वन्संच्या ते गावीही नव्हतं.

घरातल्या वस्तू लपवणं हा त्याच संशोधनाचा घरगुती विस्तार. त्यांच्या मते कुटुंब हे एक जाळंच आहे आणि तुकडा गेल्यावर प्रत्येक जण आपल्या स्वभावाप्रमाणे वळतो. गाळणं गेलं त्या आठवड्याची नोंद मी चोरून वाचली आहे. 'आई: लहानपणीची जुनी वाट उकरून काढली, फडक्याने गाळते. मेधा: शेजारच्या विभागाकडून मदत घेते (मुखर्जींचं गाळणं). मिलिंद: नुकसान सोसतो, शिकत नाही.' मेधा म्हणजे मी, मिलिंद म्हणजे माझा नवरा. तो आठवडाभर चहापत्तीसकट चहा प्यायला. वन्संच्या शास्त्रात किती दम आहे ते मला त्या दिवशी पटलं.

या खेळात सगळ्यांत रमायचे ते माझे सासरे, अप्पा. सोमवारी उठल्याबरोबर ते घरभर फिरून काय गेलं ते ओळखायचे आणि ओळखलं की टाळी द्यायला डावा-उजवा न बघता हात पुढे करायचे. अप्पांचा जन्म बागबाजारचा. मराठ्यांच्या भीतीने कोलकात्याभोवती खणलेला खंदक तिथूनच सुरू व्हायचा. अप्पा नव्या पाहुण्याला हे सांगायचेच: "आमच्यासाठी एवढा खंदक खणला यांनी, तरी आम्ही आत आलो ते आलोच. आणि आत येऊन केलं काय, तर मासे खायला शिकलो." शाळा बंगाली, मित्र बंगाली, गार्डन रीचला जहाजाच्या कारखान्यात ड्रॉइंग ऑफिसात नोकरी केली तिथेही बंगालीच. घरात मात्र मराठी. तो सासूबाईंचा कायदा. त्या सांगलीच्या. बाहेर त्या हिंदीत भागवतात आणि उंबऱ्याच्या आत दुसरी भाषा येऊ देत नाहीत.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात एका सकाळी अप्पा वर्तमानपत्र वाचत होते. कागद उजव्या हातातून घसरला. उचलायला गेले तर हात उचलेना. काहीतरी बोलले, त्यात शब्द नव्हते, नुसते आवाज होते. आम्ही तिघं त्यांच्याभोवती धावलो. वन्सं धावल्या नाहीत. त्यांनी अप्पांचा चेहरा एकदा नीट पाहिला आणि मला म्हणाल्या, "मेधा, शेवटचे नीट बोलले ते कधी? वेळ लिही. डॉक्टर पहिलं तेच विचारणार." मी लिहिली. मला ठाऊक होती, कारण त्यांची बीपीची गोळी मी घड्याळ बघून देते आणि त्या वेळी ते मला "पाणी गार नको" म्हणाले होते. डॉक्टरांनी खरोखर पहिलं तेच विचारलं. आम्ही वेळेत पोचलो होतो. आयुष्यभर याद्या केल्याबद्दल मला कोणी बक्षीस दिलेलं नाही, पण हॉस्पिटलच्या बाकावर वन्संनी माझा हात हातात घेऊन नुसता दाबला, ते मला पुरलं.

त्या आठवड्यापासून सोमवार बंद पडले. फ्रिजवरच्या कागदावर मी रेघ मारून 'तहकूब' लिहिलं.

हात हळूहळू सुधारू लागला. वाचा येईना. सासूबाई एकच म्हणायच्या, "हात नाही चालला तरी चालेल. मी भरवीन. पण यांनी माझ्याशी बोलायला हवं." सकाळ-संध्याकाळ हेच. आमच्या घरात त्या काळात दुसरा प्रश्नच नव्हता.

मग मी माझ्या पद्धतीने कामाला लागले. रोजच्या वापरातल्या शंभर वस्तूंची यादी केली, प्रत्येकीचं चित्र पुठ्ठ्यावर चिकटवलं, आणि बँकेत जाण्याआधी अर्धा तास अप्पांसमोर एकेक पुठ्ठा धरू लागले. बरोबर आलं की टिंब, चुकलं की फुली. तिसऱ्या आठवड्यात पहिला शब्द आला. खिडकीचं चित्र होतं. अप्पा बराच वेळ ओठ हलवत राहिले आणि म्हणाले, "जानला."

घरी येणारी नर्स टाळ्या वाजवायला लागली. सासूबाई उठून स्वयंपाकघरात गेल्या. मी फुली केली.

दुसऱ्या दिवशी छत्रीला "छाता". मग चमच्याला "चामोच". उशी दाखवली तर "बालिश", त्यावर मिलिंदला वाटलं अप्पा त्यालाच बोलले. सगळे शब्द बंगाली. मी इमानेइतबारे फुल्या मारत गेले आणि प्रत्येक वेळी मोठ्याने, सावकाश सांगत गेले, "अप्पा, खि-ड-की." भाताचं चित्र आलं तेव्हा माझी पंचाईत झाली, कारण भाताला दोन्हीकडे भातच म्हणतात. शेवटी अर्धं टिंब दिलं. दोन आठवड्यांत कागद फुल्यांनी भरला आणि एका सकाळी अप्पांनी पुठ्ठा पाहून भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या दिवशी ते काहीच बोलले नाहीत. पुढचे चार दिवसही नाहीत.

वन्सं या दिवसांत एका परिषदेला गेल्या होत्या. त्या परत आल्या तेव्हा कागद टेबलावरच होता.

"मेधा, या फुल्या कशाच्या?"

"चुकले त्याच्या."

"चुकले कुठे?" वन्सं माझ्यावर आवाज चढवून बोलल्या त्या एवढ्या वर्षांत तेवढ्याच. "माणसाला खिडकी दिसली. ती खिडकी आहे हे कळलं. तिचं नाव सापडलं. ते जिभेपर्यंत पोचलं आणि बाहेर पडलं. एवढा सगळा रस्ता ते चालून आले आणि तू दारात उभी राहून सांगतेस, चुकलं?"

सासूबाई म्हणाल्या, "अगं पण आपली भाषा..."

"आई, पूर आलाय. जो पूल उभा आहे त्यावरून माणसं जाऊ देत."

मी तो कागद फाडला. माझ्या हातून फाटलेली ही पहिली यादी.

मग वन्संनी सांगितलं की त्याही एक मॉडेल बांधताहेत, अप्पांचं. अप्पा कुठल्या वयात कुठली भाषा शिकले, कोणाशी किती बोलायचे, हिशेब कुठल्या भाषेत करायचे, शिव्या कुठल्या भाषेत द्यायचे, ही सगळी माहिती त्यांना हवी होती. शिव्यांचं सासूबाईंनी सांगायला नकार दिला, ते मिलिंदने पुरवलं. बाकी तक्ता मी केला. माझ्या रकान्यांचा विज्ञानाला उपयोग झाला तो असा.

एका रविवारी वन्संनी लॅपटॉप उघडून मला दाखवलं. पडद्यावर ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या बारीक रेषा. "हे अप्पा नाहीत हं," त्या म्हणाल्या. "अप्पांसारखं अडखळणारं नुसतं गणित आहे." त्या गणिताला तीन भाषा येत होत्या. खिडकी दाखवली की तिन्हींत नाव सांगायचं, मराठीत, बंगालीत, इंग्रजीत. आता स्कॅनमध्ये जिथे इजा दिसली होती तिथला तुकडा पुसायचा होता. वन्संनी बोट कळफलकावर नेलं. परत घेतलं. चष्मा पुसला. पुन्हा नेलं.

"मेधा, ते बटण तू दाब."

जी बाई रोज शेकडो जाळी चहा पिता पिता उडवते, तिने मान वळवून बाल्कनीतल्या कुंडीकडे बघितलं. मी बटण दाबलं. काही रेषा विझल्या. गणिताला खिडकीचं नाव सांगता येईना.

"झालं?" त्यांनी कुंडीकडे बघतच विचारलं.

"झालं."

"आता त्याला पुन्हा शिकू दे. रन चालू आहे."

थंडी सुरू झाली तेव्हा वन्संचं या विषयावर त्यांच्या संस्थेत व्याख्यान झालं. मी बँकेतून अर्धी रजा टाकून गेले आणि तिसऱ्या ओळीत वही उघडून बसले. अप्पांचं नाव कुठे घेतलं नाही. समीकरणं आली तिथे मी वहीत 'समीकरण' असं लिहून पुढे गेले. पण शेवटी एका तरुण डॉक्टरने विचारलं, की तुमच्या मॉडेलमध्ये पेशंट पूर्ववत कधी होतो? वन्सं म्हणाल्या, "पूर्ववत होत नाही. आधीच्या जागी कोणीच परत जात नाही. मेंदू नव्या जागी जाऊन घर करतो. आपण तिथे त्याला भेटायला जायचं, की जुन्या पत्त्यावर दार वाजवत बसायचं, एवढंच आपल्या हातात असतं." सभागृहात टाळ्या झाल्या. शेजारच्या अनोळखी गृहस्थांना मी इंग्रजीत सांगितलं, "माझी नणंद आहे." ते "व्वा" म्हणाले. पलीकडच्यांनी काही विचारलं नव्हतं, त्यांनाही सांगितलं.

घरात आता बंगालीला परवानगी होती. अप्पा नर्सशी, मुखर्जींशी, माझ्याशी तुटक तुटक बोलू लागले. मिलिंदशी फुटबॉलवरून वाद घालण्यापर्यंत मजल गेली. मराठीतला एकच शब्द स्वच्छ यायचा: "नको." सासूबाई मराठीत विचारायच्या, बराच वेळ थांबायच्या, आणि अप्पा त्यांच्याकडे बघत राहायचे. समजत सगळं होतं. उत्तर बंगालीत ओठांवर यायचं, पण बायकोशी बंगालीत बोलायचं नाही ही इतक्या वर्षांची सवय आडवी यायची, आणि शेवटी ते "नको" म्हणायचे. भूक असली तरी.

याच सुमारास सासूबाई रोज दुपारी वन्संबरोबर फिरायला जाऊ लागल्या. वन्सं त्यासाठी संस्थेतून लवकर येत. मला कौतुक वाटलं, पण दोन गोष्टी जुळेनात. गुडघ्यांमुळे दोन जिने न चढणारी बाई तासभर फिरून ताजीतवानी परत येत होती, आणि चपलांना धूळ नव्हती. एक दिवस मी बँकेतून लवकर सुटले. वाटेत आमच्या मोहल्ल्यातल्या तळ्याकाठी बाकावर त्या दोघी मला पाठमोऱ्या दिसल्या.

वन्संनी घसा खरवडून अप्पांसारखा जाड आवाज काढला होता आणि त्या बंगालीत विचारत होत्या, माझा चष्मा कुठे आहे? सासूबाई अडखळत, एकेक शब्द चाचपत बंगालीत उत्तर देत होत्या. मध्येच थांबल्या.

"हसलीस तू."

"नाही हसले गं आई. शिंक आली."

"हसायचं नाही म्हटलंय. हसलीस तर उद्यापासून येणार नाही."

मी जाऊन त्यांच्या शेजारी बसले तेव्हा दोघी शाळा बुडवताना पकडल्यासारख्या दिसल्या. मग सासूबाईंनीच सांगितलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्या हौसेने बंगाली शिकल्या होत्या. अप्पांचे मित्र घरी अड्डा जमवून बसले असताना त्यांनी पाठ केलेलं एक वाक्य म्हटलं. काहीतरी चुकलं आणि सगळे हसले. "सगळ्यांत मोठ्याने कोण हसलं, माहीत आहे?" त्या म्हणाल्या. "तुझे सासरे. त्या दिवशी ठरवलं, या माणसाशी बंगालीत एक अक्षर बोलायचं नाही."

परतताना सासूबाई पुढे होत्या. वन्सं माझ्या कानाशी म्हणाल्या, "रन संपलेत, मेधा. केव्हाच संपलेत. आलेखात बंगालीची रेघ चढते, इंग्रजीची थोडी चढते. मराठीची जमिनीलगतच राहते. कितीदा करून पाहिलं. गणित आहे, चुकीचंही असेल. पण आईला नको सांगूस."

संध्याकाळी भाजी निवडताना सासूबाई खाली बघत म्हणाल्या, "शुभीने आपणहून मला बंगाली शिकवायला घेतलं, तेव्हाच मी काय ते समजले. तिला नको सांगूस, मला कळलंय ते."

या दोन गोष्टी मी कुठल्याच कागदावर लिहिल्या नाहीत.

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी अप्पा बाल्कनीत उन्हाला बसले होते. सासूबाई धुतलेलं पातळ नेसून, परीक्षेला जावं तशा त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. पदराचं टोक मुठीत आवळलेलं. मी आणि मिलिंद आत, वन्सं बाल्कनीच्या दारात.

"चा खाबे?" सासूबाईंनी विचारलं. चहा घेणार?

अप्पांनी मान वर केली. त्यांच्या तोंडाचा चांगला कोपरा हलला. आता हे हसतात की काय म्हणून मी श्वास रोखला. हसले असते तर सगळं तिथेच संपलं असतं. पण अप्पा हसले नाहीत. डोळे मोठे करून ते बायकोकडे बघत राहिले, आणि मग अगदी अदबीने म्हणाले, "खाबो."

सासूबाईंची मूठ सुटली.

"शोंदेश?" अप्पांनी लगेच पुढचं विचारलं. थंडीतल्या नव्या गुळाचे संदेश मुखर्जींकडून आले होते, ते त्यांनी पाहिले होते.

"ना. डाक्तार बारोन कोरेछेन." डॉक्टरांनी मनाई केली आहे.

"आधखाना."

"ना, ना! आधखानाओ ना!" अर्धासुद्धा नाही. सासूबाईंचा आवाज चढला, अप्पांनी डावा हात खुर्चीवर आपटला, उजवाही अर्धा उचलला, आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा आमच्या घरात नवरा-बायकोचं कडाक्याचं भांडण झालं. सासूबाईंच्या निम्म्या क्रिया चुकत होत्या. अप्पांचे निम्मे शब्द सापडत नव्हते. कोणाचं काही अडत नव्हतं. शेवटी सासूबाई आमच्याकडे वळून मराठीत कडाडल्या, "काय बघताय सगळे? कामं नाहीत घरात?" आणि डोळे पुसत आधणाकडे गेल्या. बशीत अर्धा संदेश गेला, हेही नोंदवायला हवं.

मला वाटलं वन्सं आता वही आणतील. त्यांनी वही आणली नाही.

माझ्या तेव्हा लक्षात आलं की आजारपणापासून मी वन्संना अप्पांना फक्त प्रश्न विचारताना पाहिलं होतं. हे काय, ते काय, हे बोट हलवा. गप्पा मारताना पाहिलं नव्हतं. त्याआधी रोज संध्याकाळी संस्थेतून आल्यावर त्या त्यांच्या खुर्चीशी बसून दिवसभराचं सगळं सांगायच्या. कोणाशी वाजलं, कुठलं गणित फसलं, कॅन्टीनमध्ये काय होतं. लग्न केलं नाही, मैत्रिणी देशोदेशी पांगलेल्या. ऐकणारा माणूस एकच होता. तो आजारी पडला आणि त्याचं प्रत्येक अडखळणं वन्संना पडद्यावरच्या रेघेसारखं दिसू लागलं असणार. मग त्याच्याशी बोलणार कसं?

त्या रविवारी वन्सं बाल्कनीत गेल्या आणि अप्पांच्या पायाशी जमिनीवर बसल्या. "शोनो, बाबा," त्या म्हणाल्या. ऐका. लहानपणापासून त्यांना अप्पा म्हणणाऱ्या मुलीने बाबा म्हटलं. मग बंगालीत, घाईघाईने, आठ महिन्यांचं साठलेलं सगळं त्या सांगू लागल्या. नव्या संचालकांचा तिरसटपणा, लिफ्टमध्ये अडकलेले पाहुणे, व्याख्यानाला आलेली गर्दी. अप्पा "हुं, हुं" करत होते. पाचेक मिनिटांत त्यांची मान कलली आणि ते तोंड उघडं टाकून झोपले, पूर्वी झोपायचे तसेच.

वन्संना ते दिसलं. त्या थांबल्या नाहीत. पाय पसरून, पाठ त्यांच्या खुर्चीला टेकून त्या सांगतच राहिल्या.

मला चटणी वाटायची होती. मी स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं आणि मिक्सर तासभर लावला नाही.